हळूच म्हणजे किती

हिरव्या फाटकाच्या कारखान्याचे पर्यावरण व्यवस्थापक श्रीयुत काटुरामू यांच्या उजव्या हाताची दोन बोटं शुक्रवारी सकाळी, चहाच्या आधी, एका मेलेल्या माशाने खाल्ली.

असं काही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मत्स्य केंद्राच्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की प्रयोगादरम्यान कोणताही अनुचित प्रकार घडला नाही, आणि त्याखाली खुद्द काटुरामूंची सही आहे. सही डाव्या हाताची आहे, एवढंच.

तर जे झालंच नाही, त्याची सुरुवात तिलापिया नावाच्या माशापासून झाली.

कसालूच्या मत्स्य केंद्रात मुबिरू हा सहायक होता. टाक्या घासणे, पाणी भरणे, मासे मोजणे आणि मेलेले मासे वेगळे मोजणे हे त्याचं काम. त्याच्यावर डॉक्टर अमोंगिन. बाई पूर्वेकडच्या, बोलायला कमी आणि बोलल्या की समोरच्याला बसायला खुर्ची लागायची. कारखान्यात कातडी कमावायचे. कातड्याला बुरशी लागू नये म्हणून टी-नऊ नावाचं एक औषध वापरायचे आणि वापरून झालं की ते खाडीत सोडायची त्यांची इच्छा होती. नळ टाकून तयार होता. फक्त त्याच्या चावीला सरकारी लाख लावलेली होती, आणि ती लाख निघायची की नाही हे अमोंगिनबाईंच्या टाक्या ठरवणार होत्या.

रीत अगदी सोपी. टाकीत मासे ठेवायचे, नळातून येईल तेवढं औषध घालायचं, चार दिवस बघायचं. निम्मे किंवा जास्त मेले तर नळ बंद. निम्म्याहून कमी मेले तर नळ चालू. बाकी अहवालात जे आलेख वगैरे असतात ते या दोन वाक्यांना घातलेले कपडे.

तिलापियांनी चार दिवस घेतलेच नाहीत. औषध पडलं आणि टाकीत दंगल पेटली. मासे एकमेकांवर आणि काचेवर असे आपटायला लागले की कारकून टेबलाखाली गेला. एकाने टाकीबाहेर उडी मारून मुबिरूच्या बुटात प्राण सोडला. कल्ल्यांतून रक्त येऊन पाणी रताळ्याच्या सालीच्या रंगाचं झालं. चहा यायच्या आत सगळं शांत. मुबिरूने मोजले. वेगळे मोजायची गरज पडली नाही.

"हा मासा नाजूक आहे," काटुरामू म्हणाले. माणूस गोरापान नव्हता, पण घडी मात्र गोऱ्या साहेबासारखी. बसतानासुद्धा विजारीची इस्त्री विचारून बसायचा. "नियमात काय लिहिलंय, डॉक्टर? स्थानिक, निरोगी आणि सहज मिळणारा मासा. तिलापियाच असं कुठे लिहिलंय? मांबा घ्या."

खोलीतल्या सगळ्यांनी मुबिरूकडे बघितलं.

हा मांबा म्हणजे साप नव्हे. दिसतो तसाच, हाताएवढा जाड, पुरुषभर लांब, पण तो मासा आहे. चिखलातला, फुफ्फुसवाला. दर थोड्या वेळाने वर येतो, तोंड उघडून हवेचा घोट घेतो आणि परत खाली जाऊन रागावून बसतो. त्याच्या जबड्यात दात नाहीत, कातर आहे. कोळी त्याला जाळ्यातून काढण्याआधी वल्ह्याने डोक्यात हाणतात आणि मगच ओळख करून घेतात.

"काटुरामूसाहेब," अमोंगिनबाई म्हणाल्या, "मांबा हवा पितो. त्याच्यावरून पाणी कसं आहे ते ठरवायचं म्हणजे छत्रीवाल्याला रस्त्यात उभं करून पाऊस पडतोय का ते विचारण्यासारखं आहे."

"नियमात छत्रीबद्दल काही आहे?"

"नाही."

"मग झालं तर."

सगळ्यांनी मुबिरूकडे बघितलं ते मात्र छत्रीमुळे नाही. मुबिरू मांबा कुळाचा होता. मांबा कुळाचा माणूस मांबा खात नाही, मारत नाही, दुसऱ्याच्या ताटात दिसला तर पाठ फिरवून बसतो. मांबा म्हणजे आजोबा. आणि आता आजोबांना टाकीत घालून वर टी-नऊ ओतायचं काम सरकारी आदेशाने नातवाकडे आलं होतं.

"तुला नको असेल तर सांग," अमोंगिनबाई नंतर म्हणाल्या. "मी वरून दुसरा माणूस मागवते. पण वरून माणूस येईल तो काटुरामूच्या गाडीतून येईल. तो टाक्यांत साधं पाणी घालेल, मांबा मजेत राहतील आणि सोमवारी नळाची लाख निघेल. गेल्या वर्षी काय झालं होतं ते आठवतंय ना?"

मुबिरूला आठवत होतं. गेल्या वर्षी कारखान्याने चाचणी म्हणून एकच दुपार नळ सोडला होता. संध्याकाळी खाडीवर पाणी दिसत नव्हतं, नुसती पोटं दिसत होती. मराबू करकोचे, जे प्लॅस्टिकच्या चपलासुद्धा आवडीने खातात, ते आले, बघितलं आणि उडून गेले.

मुबिरू बादल्या घेऊन घाटावर गेला.

घाटावर त्याच्या आत्याची मासे धुरावर वाळवायची भट्टी होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, म्हणजे रोज जेवायला घातलं होतं आणि रोज बडवलं होतं.

"चार मांबा हवेत, आत्या. जिवंत."

"आपल्यातला माणूस मांबा मागायला लागला? लग्न ठरलं की डोकं फिरलं?"

"प्रयोगाला हवेत."

"कसला प्रयोग?"

"विषाचा."

आत्या आधी हसली. मग तिने भट्टीतलं लाकूड उपसलं. ते एका टोकाने अजून पेटलेलं होतं, पण तिने माया म्हणून विझलेल्या टोकाने हाणलं. पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीत, तिसऱ्याला मुबिरू आडवा झाला आणि मासे विकणाऱ्या बायका आपापली टोपली बाजूला घेऊन नीट दिसेल अशा बसल्या.

"आजोबांना विष घालतोस? मेल्या! तुझ्या बापाने गळाला मांबा लागला तर गळ तोडून दिला होता!"

"आत्या, ऐक तरी! हे मेले नाहीत तर नळ सुटणार!"

"म्हणजे ते मरायला हवेत?"

"हो! म्हणजे नको! म्हणजे..."

"नीट सांग, नाहीतर दुसरं टोक आहे."

मुबिरू वाळूत पडल्यापडल्या म्हणाला, "आजोबा जगले तर खाडी मरेल. खाडी मेली तर आजोबा कुठे राहणार, तुझ्या बादलीत?"

आत्याने विचार केला. विचार करायला वेळ मिळावा म्हणून आणखी एक ठेवून दिली. मग लाकूड भट्टीत टाकलं आणि दुसऱ्या कुळातल्या कोळ्यांना हाक मारली, कारण हात लावायचा तर त्यांनीच. ते मांबा घेऊन आले. त्यातला एक मांबा प्रचंड होता, कपाळावर वल्ह्याची जुनी खोक, एक डोळा पांढरा. बादलीत घालताना त्याने एका कोळ्याची अख्खी चप्पल तोडली. चपलेत पाय होता, पण तो वेळेवर निघाला.

आत्या बादलीवर वाकली. "हा तुमचा नातू," ती त्या म्हाताऱ्याला म्हणाली. "मूर्ख आहे, पण आपला आहे." मग मुबिरूकडे वळली. "ऐकून ठेव. आजोबांना मारलंस तर मी तुला मारीन. नळ सुटला तरी मीच मारीन. आता जा, आणि जेवून जा."

केंद्रात पोचल्यावर घोटाळा झाला. एक टाकी गळत होती म्हणून मुबिरूने दोन मांबा घटकाभर एकत्र ठेवले. कुठल्याही भाऊबंदकीत होतं तेच झालं. तो गळती बुजवून येईपर्यंत एकाने दुसऱ्याची शेपटी मनगटाएवढी कुरतडून काढली होती आणि दुसऱ्याने पहिल्याच्या गालाला भोक पाडलं होतं. दोघेही अतिशय समाधानी दिसत होते. मुबिरूने त्यांची क्षमा मागून त्यांना वेगळं केलं. शेवटी हिशेब असा झाला: एक मांबा साध्या पाण्यात, तुलनेसाठी. तीन मांबा टी-नऊमध्ये. तिघांतले दोन मेले तर नळ बंद. एकच मेला तर नळ चालू.

औषध ओतताना मुबिरूने डोळे मिटून घेतले. त्यामुळे थोडं त्याच्या हातावर पडलं आणि कातडी सोलून आली. निदान माशांना काय वाटत असेल ते त्याला कळलं.

साध्या पाण्यातला आजोबा ठणठणीत होता, टाकी पुसायचा कुंचला रोज खात होता. शेपटी तुटलेलाही टी-नऊमध्ये राहून वर येत होता, हवा पीत होता, खाली जात होता. छत्री काम करत होती. पण गालाला भोक पडलेल्याने दुसऱ्या दिवशी दुपारी काचेवर डोकं आपटायला सुरुवात केली. एकाच जागी आपटत होता. काचेला तडा गेला, टाळू फुटली, तरी आपटत होता. आणि मग थांबला.

नियमाच्या पुस्तकात मरणाची व्याख्या दिलेली आहे. शेपटीच्या मुळाशी काचेच्या कांडीने हळूच स्पर्श करावा. मासा हलला नाही आणि कल्लेही हलत नसतील तर तो मृत समजावा. मुबिरूने स्पर्श केला. मग त्याने कांडी ठेवली आणि बाहेर जाऊन ओकला. संध्याकाळी त्याने त्या आजोबांना झाडाच्या सालीच्या वस्त्रात गुंडाळलं, आपल्या माणसांना गुंडाळतात तसं, आणि प्रयोग संपेपर्यंत पुरता येत नाही म्हणून शीतपेटीत ठेवलं. शेजारी कारकुनाचं आइस्क्रीम होतं. कारकुनाने ते परत कधी मागितलं नाही.

एक मेला हे काटुरामूंना कळलं, आणि म्हातारा पांढऱ्या डोळ्याचा हल्ली वर यायचा कमी झालाय हेही कळलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी कारखान्याची तीन माणसं केंद्रात आली. त्यांच्या म्होरक्याला सगळे जनरेटर म्हणत, कारण तो सुरू झाला की दुसरं काही ऐकू येत नसे. अमोंगिनबाई शहरात गेल्या होत्या. जनरेटरने आधी खिडक्या फोडल्या, मग नमस्कार केला.

"तूच का तो मुबिरू? औषध जास्त घालतोस म्हणे."

"मोजून घालतो, दादा."

जनरेटरने स्टूल उचलून त्याच्या बरगड्यांत घातलं. स्टूल मोडलं. दुसऱ्याने मुबिरूला केसांना धरलं, केस बारीक असल्यामुळे कानांना धरलं, आणि तोंड टेबलावर आपटलं. एक दात पडला. मुबिरूने सवयीने तो वेगळा मोजला.

"घर कुठलं तुझं? कुठल्या कुळाचा?" जनरेटरने विचारलं. मारतानासुद्धा माणसाची विचारपूस करायची पद्धत आहे.

"मांबा," मुबिरू रक्त थुंकत म्हणाला.

जनरेटरचा हात हवेत थांबला. "खरंच? अरे, मग आधी नाही का सांगायचं! मीही मांबा!" त्याने मुबिरूला उठवून बसवलं, सदरा झटकला, स्वतःच्या रुमालाने तोंड पुसलं. "भाऊ निघालास की रे. चुकून लागलं. कुठले मांबा तुम्ही? गाबुंगांचे ना?"

"नाही. काकोबोझांचे."

मांबा कुळं दोन आहेत. जनरेटरने रुमाल खिशात घातला आणि मुबिरूच्या दुसऱ्या गालावर अशी लगावली की दुसरा दातही पडला.

पण टाक्यांना मात्र त्याने हात लावला नाही. त्याच्या साथीदाराने लोखंडी सळई उचलली, तेव्हा जनरेटरने त्यालाच भिंतीवर फेकला. "दिसत नाही का, आत आजोबा आहेत! काकोबोझांचे असले तरी काय झालं?" जाताना त्याने प्रत्येक टाकीपुढे थांबून मान झुकवली आणि जिन्यात साथीदाराला पुन्हा एकदा बडवलं.

चौथा दिवस, शुक्रवार. राजधानीहून निरीक्षक आले. अमोंगिनबाई होत्या, काटुरामू नव्या इस्त्रीत होते. मुबिरूचं तोंड सुजून रताळं झालं होतं. आत्या बोलावणं नसताना येऊन दारात बसली होती. हातात पिशवी, पिशवीत लाकूड.

शेपटी तुटलेला मांबा वर आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला.

"जिवंत," निरीक्षकांनी लिहिलं.

राहिला म्हातारा. तो तळाशी पडला होता. अंगावर चिकट बुळबुळीची साय चढलेली, पांढरा डोळा आभाळाकडे. कल्ले हलत नव्हते. पहाटेपासून वर आलेला नव्हता.

मुबिरूने कांडी घेतली. आत्या दारातून बघत होती हे त्याला मानेवर जाणवत होतं. त्याने कांडी पाण्यात सोडली आणि शेपटीच्या मुळाशी टेकवली. काही नाही. परत टेकवली. काही नाही.

"गेले," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नळ बंद झाला होता, खाडी वाचली होती, आणि त्याने आपल्या आजोबांना मारलं होतं. बाहेर आत्याने पिशवीची गाठ सोडल्याचा आवाज आला.

"एक मिनिट!" काटुरामू उठले. "ह्याला हात लावणं म्हणतात? हा गोंजारतोय! जरा जोरात ढोसा की!"

"नियमात 'हळूच' लिहिलंय," अमोंगिनबाई म्हणाल्या.

"हळूच म्हणजे किती?"

"झोपलेल्या आजोबांना उठवताना लागतं तेवढं."

"ढोंग आहे हे सगळं! मासा जिवंत आहे. मांबा असा मरतच नाही! बघा, मी दाखवतो!" आणि श्रीयुत काटुरामूंनी बाही वर केली, घडी मोडू दिली, आणि उजवा हात टाकीत घालून म्हाताऱ्याच्या डोक्याला धरलं.

पुढचं फार लवकर झालं. पाणी छतापर्यंत उडालं. कोरडं लाकूड मोडावं तसा आवाज आला, लगेच तसाच दुसरा. काटुरामूंनी हात बाहेर काढला तेव्हा तो करंगळीकडून बराच आखूड झाला होता. रक्ताची चिळकांडी निरीक्षकांच्या कागदावर 'जिवंत' या शब्दावर पडली. काटुरामू ओरडले, काचेच्या बरण्यांच्या मांडणीवर कोसळले, मांडणी त्यांच्यावर कोसळली. कारकून टेबलाखाली गेला. म्हातारा तळाशी गेला, दोनदा चावलं, गिळलं आणि पहिल्यासारखा पडून राहिला, पांढरा डोळा आभाळाकडे.

"जिवंत आहे!" काटुरामू काचांतून ओरडत होते. "बघितलंत ना? जिवंत आहे!"

"बघितलं," अमोंगिनबाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक उघडून पान उलटलं. "त्याच पानावर पुढे आहे. अर्जदाराने किंवा त्याच्या माणसाने टाकीत हात घातल्यास अर्ज कायमचा रद्द, आणि हात घालणाऱ्याला कैद. निरीक्षकसाहेब, तुम्ही साक्षीदार."

"मी डोळे मिटले होते," निरीक्षक म्हणाले.

काटुरामूंचा आवाज एकदम उतरला. आत्याने पुढे होऊन त्यांच्या हाताला आपलं फडकं करकचून बांधलं, गरजेपेक्षा बरंच करकचून. ते बांधलेल्या हाताकडे बघत राहिले. एकीकडे तुरुंग आणि कारखान्याला कायमची बंदी. दुसरीकडे साधा नकार, म्हणजे पुढच्या वर्षी तिसऱ्या कुठल्या तरी माशावर परत अर्ज.

"मी हात घातलेला नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग बोटं?"

"यंत्रात गेली. कारखान्यात. काल."

"म्हणजे मासा चावलेला नाही?"

"कसा चावेल?" काटुरामू दात खाऊन म्हणाले. "मेलेला आहे तो."

अमोंगिनबाई मुबिरूकडे वळल्या. "नोंद पक्की करायला हवी. पुन्हा एकदा स्पर्श कर."

या वेळी मुबिरू रडत नव्हता. त्याने कांडी घेतली. मघाशी त्याला खरंच वाटलं होतं की आजोबा गेले. आता त्याला ठाऊक होतं. कांडी त्याने इतकी हळूच नेली की ती शेपटीला लागली की नाही हे कांडीलाही कळलं नसेल. म्हातारा हलला नाही. फक्त पांढऱ्या डोळ्याशेजारचा दुसरा डोळा किंचित वळला आणि नातवावर स्थिर झाला.

"मेलेले आहेत," मुबिरू म्हणाला.

तिघांतले दोन. नळाची लाख तशीच राहिली. काटुरामूंनी डाव्या हाताने सही केली.

मेलेले मासे चुन्यात पुरायचा नियम आहे, आणि तो मुबिरूनेच पाळायचा होता. सालीच्या वस्त्रातल्या आजोबांना त्याने आणि आत्याने घाटामागच्या केळीत पुरलं. चुना नाही घातला, मटोके घातले, म्हणजे शिजवलेली कच्ची केळी. बादलीतल्या मयताला मात्र दोघांनी साध्या पाण्याने तीनदा धुतलं, होडीतून खाडीत नेलं आणि सोडलं. सोडताना त्याने आत्याच्या पदरात एक बोट परत केलं. दुसरं ठेवून घेतलं.

"तुला मारायचं राहिलं," आत्या परतताना म्हणाली.

"आजोबा जिवंत आहेत ना, आत्या."

"अहवालात मेलेत." तिने वल्हं उचललं आणि त्याच्या पाठीत एक घातली. विझलेल्या लाकडापेक्षा हळूच.

सोमवारी मुबिरूने अर्ज दिला. तो अजून कार्यालयात फिरतोय.

"मा. आयुक्त, मत्स्य विभाग, यांचे सेवेशी. विषय: सुतकाची रजा मिळण्याबाबत. महोदय, केंद्राच्या प्रयोगात माझे दोन आजोबा कामी आले, तशी नोंद अहवालात आहे. पैकी मयत क्रमांक एक यांचे दफन रीतीप्रमाणे झाले आहे. मयत क्रमांक दोन हे मृत असूनही खाडीत राहतात व रोज सकाळी हवा पिण्यासाठी आमच्या धक्क्याशी येतात. मयत स्वतः हजर असल्यामुळे सुतक फेडण्याचा विधी करता येत नाही, आणि सुतक फिटल्याशिवाय कामावर येणे आमच्या कुळात निषिद्ध आहे. तरी मयत खरोखर मरेपर्यंत मला भरपगारी रजा मंजूर व्हावी, आणि तोवर मयताच्या राहत्या खाडीत कोणीही काहीही ओतू नये असा हुकूम काढावा, ही नम्र विनंती."